फ्री टू एअर म्हणजे नक्की काय फुकट?

"फ्री टू एअर म्हणजे नक्की काय हो? फ्री म्हणतात, मग आमचे पैसे कसले कापतात?" दापोली-हर्णैच्या पट्ट्यात मी टीव्हीच्या छत्र्या लावतो, बॉक्स दुरुस्त करतो, आणि हा प्रश्न मला येतो तितका दुसरा कुठलाच येत नाही. दुकानात विचारतात, गच्चीवर नट आवळत असलो की खालून ओरडून विचारतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर पुरं पडत नाही, कारण या एका शब्दाखाली आपल्याकडे वेगवेगळे व्यवहार चालतात आणि ते कुणी सोडवून सांगत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून, आणि विचारणाऱ्यांत म्हातारी माणसं जास्त असतात म्हणून, एकदा सगळं नीट लिहितो.

उपग्रहावरून चॅनल खाली येतं ते दोन तऱ्हांनी. एक तर लॉक करून. म्हणजे चित्राची आणि आवाजाची माहिती अशी उलटीपालटी करून सोडायची की ज्या बॉक्सला कंपनीने परवानगी दिली आहे त्यालाच ती पुन्हा सरळ लावता यावी. रिचार्ज संपला की ही परवानगी जाते. सिग्नल जात नाही, तो तुमच्या छत्रीवर पडतच असतो. बॉक्सला तो उलगडता येत नाही एवढंच. दुसरी तऱ्हा म्हणजे लॉक न करता सोडणं. छत्री बरोबर दिशेला असली आणि साधा बॉक्स असला की चित्र दिसलं. कुठे नाव नोंदवायचं नाही, ग्राहक क्रमांक नाही, तुम्ही बघताय हे पाठवणाऱ्याला कळतही नाही. या दुसऱ्या तऱ्हेला जगभर फ्री टू एअर म्हणतात. आमच्या धंद्यात नुसतं एफटीए. मधली एक तऱ्हा आहे, लॉक असतं पण महिन्याचे पैसे नसतात, तिला फ्री टू व्ह्यू म्हणतात. दोन्हींत ग्राहकाला वर्गणी नाही, म्हणून बोलताना लोक दोन्ही एकच धरतात. त्याने फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते पुढे. ट्राय, म्हणजे आपलं दूरसंचार नियामक प्राधिकरण, हा शब्द वापरतं तो लॉकच्या संदर्भात नाही, दराच्या संदर्भात. चॅनलवाल्या कंपनीने "आमच्या या चॅनलचे आम्ही केबलवाल्याकडून किंवा डीटीएच कंपनीकडून काही घेणार नाही" असं जाहीर केलं की ते चॅनल एफटीए. ज्याची किंमत ठरवली आहे ते पे चॅनल. यात प्रेक्षकाने डीटीएच कंपनीला काय द्यायचं हा विषयच नाही. तो विषय वेगळा, आणि त्याला नावही वेगळं: नेटवर्क कपॅसिटी फी. चॅनल तुमच्या घरापर्यंत आणून सोडल्याचे पैसे.

१ फेब्रुवारी २०१९ पासून नवी पद्धत लागू झाली तेव्हाची गडबड बऱ्याच जणांना आठवत असेल. पहिल्या १०० चॅनल्सना महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. दूरदर्शनची ठरवून दिलेली चॅनल्स या शंभरांतच धरायची. पे चॅनल्सचे पैसे त्याच्यावर वेगळे. पुढे त्याच १३० रुपयांत २०० चॅनल्स द्यायचं ठरलं, आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने या फीवरची कमाल मर्यादाच काढून घेतली. आता ती किती घ्यायची ते कंपनी ठरवते आणि जाहीर करते. तेव्हा तुम्ही एकही पे चॅनल घेतलेलं नाही, यादीत सगळी फ्री टू एअर आहेत, आणि तरी महिन्याला पैसे जातात, यात चोरी झालेली नाही. चॅनलचे शून्य रुपये लागलेत. पैसे गेले ते आणून देण्याचे.

आणि आणून देताना कंपनी ते पुन्हा लॉक करते. ही गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. खाजगी डीटीएचवर प्रत्येक चॅनल लॉक होऊनच येतं, मग ते मूळचं खुलं असो नाहीतर नसो. गेल्या पावसाळ्यात हर्णैच्या वरच्या वाडीत एका काकींनी बोलावलं होतं. मुलगा मुंबईला, रिचार्ज तोच तिकडून मारतो, या वेळी राहून गेला होता. पडद्यावर निळी पाटी आणि खाली खातं चालू करण्याची सूचना. काकी म्हणाल्या, "सिरियल बंद झाल्या त्याचं काय नाय रे. पण सह्याद्री तर सरकारचा ना? त्याला कसला रिचार्ज? वाऱ्याचं काय सांगतात ते कळायला नको?" घरातले दोघे बोटीवर जाणारे. त्यांचा प्रश्न रास्त होता. सह्याद्री खुलंच आहे, पण त्यांच्या घरात ते येत होतं एका खाजगी कंपनीच्या बंद वाटेने, आणि त्या वाटेचं भाडं थकलं होतं.

मी त्यांना फ्री डिश लावून दिली. तिच्याबद्दल आता सांगतो, कारण आपल्याकडे फ्री टू एअरचा सर्वांत मोठा व्यवहार तोच आहे.

प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या सार्वजनिक संस्थेची, ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. डीडी फ्री डिश हे नाव नंतरचं. सध्या ती जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून सोडला गेला आणि विषुववृत्ताच्या वर, पूर्व रेखांश ९३.५ वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीबरोबर फिरतो, म्हणून खालून पाहता एकाच जागी असतो. छत्री, एलएनबी (छत्रीच्या दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा लहान डबा), वायर आणि बॉक्स मिळून एकदाच साधारण दीड-दोन हजारांचा खर्च, तोही छत्री आणि बॉक्स कुठले घेता त्यावर. त्यानंतर महिन्याला काही नाही, वर्षाला काही नाही, कधीच काही नाही. दूरदर्शनची चॅनल्स, काही खाजगी मनोरंजनाची आणि बातम्यांची, शाळा-कॉलेजच्या अभ्यासाची, आणि आकाशवाणीची कितीतरी केंद्रं त्याच बॉक्सवर ऐकू येतात. रेडिओचं बटण दाबून पाहिलेलं नसेल तर आज दाबून पाहा.

"मग त्यांना परवडतं कसं?" हा पुढचा प्रश्न. दूरदर्शनची चॅनल्स सार्वजनिक पैशावर चालतात, म्हणजे तुमच्याआमच्या करावर. खाजगी चॅनल्सना फ्री डिशवर जागा हवी असेल तर प्रसार भारती ई-लिलाव करते, आणि एका जागेसाठी वर्षाला कोट्यवधी रुपयांची बोली लागते. एवढे पैसे ती कंपनी का देते? कारण इथला प्रेक्षक फार मोठा आहे, आणि प्रेक्षक असला की जाहिराती येतात. पे चॅनल प्रेक्षकाकडूनही घेतं आणि जाहिरातदाराकडूनही घेतं. खुलं चॅनल फक्त जाहिरातदाराकडून. म्हणून खुल्या चॅनलवर जाहिराती जास्त वाटतात. आणि म्हणूनच हिशेब बदलला की चॅनल्स निघूनही जातात. एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपली चार लोकप्रिय हिंदी मनोरंजन चॅनल्स फ्री डिशवरून काढून घेतली, त्या वेळी माझा फोन दिवसभर वाजत होता. प्रत्येकाला वाटत होतं छत्री हलली. अशी चॅनल्स फ्री डिशवर फुकट आणि खाजगी डीटीएचवर पे अशीही असायची. जुलै २०२४ च्या त्याच आदेशात ट्रायने म्हटलं की जे चॅनल प्रसार भारतीच्या डीटीएचवर विनावर्गणी मिळतं ते सगळीकडेच फ्री टू एअर जाहीर करावं लागेल. मला ते बरोबर वाटतं. एकच माल एका दारात फुकट आणि दुसऱ्या दारात विकत, यात गोरगरिबाची फसगत होते.

फसगतीचं म्हणाल तर एक पाहिलेलं सांगतो. बंदराजवळच्या एका घरात एलएनबी बदलायला गेलो होतो. काम झाल्यावर आजोबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून दाखवलं. दूध, गॅसची टाकी, वीजबिल यांच्या नोंदींमध्ये एक ओळ होती: "फ्री डिश, वर्षाचे दिले." मागच्या वर्षीचं कॅलेंडरही त्यांनी खिळ्याला त्याच्याच मागे ठेवलं होतं, त्यातही तीच ओळ. कुणीतरी येऊन "रिचार्ज" म्हणून पैसे घेऊन जात होता, बॉक्स बंद करून चालू करून दाखवत होता, आणि आजोबा विश्वासाने देत होते. त्यांच्या मते एवढं दिसतं तर काहीतरी द्यायलाच हवं. मी त्यांना समजावलं की या बॉक्सला रिचार्ज ही गोष्टच नाही, तो बंद करायचं बटण कुणाकडेही नाही. पटायला वेळ लागला. तुमच्या वाडीत असं कुणी मागत असेल तर देऊ नका, आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांनाही सांगा. बिघाड दुरुस्त केल्याची मजुरी वेगळी. ती द्यावी, आणि कशाची ते विचारून द्यावी.

आता पावसाचं. "फुकटचं आहे म्हणून पावसात जातं, पैशाचं असतं तर गेलं नसतं," हे मी इतक्यांदा ऐकतो की त्याचं उत्तर खोलात जाऊन द्यायला हवं. आपल्या घरावरच्या लहान छत्र्या, फ्री डिशच्या असोत वा कुठल्याही कंपनीच्या, केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावर चालतात. तिथे लहरीची लांबी पावणेतीन सेंटीमीटरच्या आसपास असते. मोठ्या थेंबांचा दाट पाऊस या लहरी शोषतो आणि विखरून टाकतो. केबलवाल्यांकडे ज्या मोठाल्या जाळीच्या छत्र्या दिसतात त्या सी बँडच्या. तिथे लहर सात-साडेसात सेंटीमीटरची, तिला थेंब एवढा त्रास देत नाहीत, पण तिला पकडायला छत्रीही तेवढी मोठी लागते. म्हणजे जाण्याचं कारण लहर आणि थेंब. लॉक असलेलं चॅनल आणि नसलेलं चॅनल, दोन्ही त्याच पावसातून खाली येतात.

यात आपल्याला एक गोष्ट बरी आहे. हर्णैवरून जीसॅट-१५ आग्नेयेला, जमिनीपासून जवळपास ६० अंश वर दिसतो, बराच डोक्यावर. सिग्नलची वाट पावसाच्या थरातून तिरपी जाते खरी, पण आडवं अंतर तीन-चार किलोमीटरच कापते. म्हणून खेडला ढगफुटीसारखा कोसळत असला तरी आपलं चित्र जात नाही. आपल्या नि आग्नेयेच्या डोंगराच्या मध्ये काळं झालं तर जातं. सर येऊन गेली की पाच-दहा मिनिटांत आपोआप परत येतं. त्या वेळात बॉक्सशी काही करू नका. बरेच जण घाईने मेनूत शिरून फॅक्टरी रिसेट दाबतात, मग पाऊस थांबला तरी चॅनल्स नसतात आणि मला बोलवावं लागतं.

पाऊस गेल्यावरही आलं नाही, तर कारण दुसरं. किनाऱ्यावर ते बहुतेक खाऱ्या हवेचं असतं. एलएनबीच्या तोंडाशी वायर जोडायची जी पिन असते ती मी उघडून दाखवतो तेव्हा लोक चकित होतात: आत हिरवट पांढरी पूड, आणि मधली तार तांबडी होऊन बोट लावलं की तुटते. ती तार दिसते तांब्याची, पण बहुतेक वायरींत आत पोलाद असतं आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. मीठ आणि ओल मुलाम्याला खातात आणि पोलाद गंजतं. त्यातून एलएनबीला बॉक्सकडून याच तारेतून १३ किंवा १८ व्होल्टची वीज जात असते, आणि ओलीत वीज असली की धातू अधिक लवकर खराब होतो. उपाय महागाचा नाही. पिनेवर रबरी टोपी, त्यावर आवळून टेप, आणि एलएनबीच्या खाली वायरीला एक झोळ सोडायचा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, पिनेत शिरत नाही. छत्रीचे नट गंजण्याआधी ग्रीस. पावसाळ्याआधी कौलं शाकारायला माणूस चढतोच, त्यालाच हे करायला सांगा.

आणि माड. छत्री लावली तेव्हा मोकळं आकाश असतं, आणि काही वर्षांनी खालचा माड वाढून बरोबर वाटेत येतो. खूण अगदी साधी आहे: पाऊस नाही, पण वारा सुटला की चित्र अडकतं, चौकटी चौकटी होतात, वारा पडला की नीट चालतं. झावळी हलते तशी ती वाटेत येते आणि जाते. लोक खालून बघून म्हणतात, "छत्रीच्या समोर तर काहीच नाही." पण या छत्र्या ज्या दिशेला तोंड करून दिसतात त्याच्या बऱ्याच वर बघत असतात, एलएनबी मधोमध न ठेवता खालच्या बाजूला बसवलेला असतो त्यामुळे. तेव्हा समोर नका बघू, वर बघा. झावळी उतरवायची की छत्री दोन हात सरकवायची ते घरमालकाने ठरवावं. मी शक्यतो छत्री सरकवतो.

बहुतेक कंपन्यांचे उपग्रह वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे एका छत्रीवर सहसा दुसऱ्याचं दिसत नाही. ८३ रेखांशावरचा उपग्रह आपल्याला दक्षिणेकडे सरकलेला आणि अजून उंच दिसतो. १०८ वरचा पूर्वेकडे आणि जेमतेम ४५ अंशांवर, त्याला डोंगर-झाडं जास्त नडतात. जुनी खाजगी छत्री तुमच्या मालकीची असेल तर ती फिरवून ९३.५ ला लावता येते, नवी घ्यायची गरज नसते. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

ज्यांचं लहानपण ऐंशीच्या दशकात गेलं ते म्हणतात, पूर्वी तर सगळंच फुकट होतं. पूर्ण खरं नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि ते अगदी मूळ अर्थाने फ्री टू एअर होतं, लॉकबिक काही नव्हतं. पण टीव्ही संच ठेवायला परवाना लागायचा, आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागायचे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो परवाना गेला. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच, तिथून लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, म्हणून अलिबाग-रेवदंड्याच्या लोकांना खाडी आणि समुद्र ओलांडून चित्र मिळायचं. आम्ही दक्षिणेला, क्षितिजाच्या पलीकडे. बांबूवर काडी अँटेना चढवून जे मिळे त्यात मुंग्याच जास्त. उन्हाळ्यात समुद्रावर हवेचे गरम-थंड थर बसले की लहरी त्यांत अडकून लांबवर वाहत जातात, अशा दिवसांत अरबी समुद्राच्या या काठावर आखातातली केंद्रंही उमटत. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी गेला आणि पुढच्या वर्षभरात देशभर लहान प्रक्षेपण केंद्रांचा धडाका लागला, तेव्हा कुठे कोकणच्या आतल्या भागातला टीव्ही स्वच्छ झाला. त्या जमिनीवरच्या जुन्या प्रक्षेपण केंद्रांपैकी मोजकी सोडून बाकीची दूरदर्शनने ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद केली. तेव्हा कौलावरची जुनी काडी अँटेना अजून ठेवली असेल तर ती उतरवून टाका. वादळात उडून कुणाला लागायची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात छत्र्या आणि अँटेना पत्र्यांच्या बरोबरीने उडाल्या, ते दापोली-मंडणगडात कुणाला सांगायला नको.

क्रिकेटच्या दिवशी हा शब्द पुन्हा पुढे येतो. "शेजारी फ्री डिशवर मॅच चालू आहे, माझ्याकडे पैशाचं डीटीएच, त्यावरही दूरदर्शन आहे, मग मॅच का नाही?" याचं उत्तर कायद्यात आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेले सामने ज्या कंपनीकडे हक्क आहेत तिने प्रसार भारतीला द्यावेच लागतात, म्हणजे ज्याला विकत घेणं परवडत नाही तोही भारताचा सामना बघू शकेल. पण ते दाखवायचे कुठे? दूरदर्शनच्या जमिनीवरच्या प्रक्षेपणात आणि तिच्या स्वतःच्या डीटीएचवर. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा सिग्नल दूरदर्शनच्या चॅनलमधून पुढे खाजगी केबलला आणि डीटीएचला जाऊ शकत नाही. म्हणून एकाच वेळी, एकाच नावाच्या चॅनलवर, शेजारच्या घरात सामना आणि तुमच्याकडे दुसरा कार्यक्रम. यात पैसे भरणाऱ्याचंच नुकसान होतं असं वाटतं, आणि त्या तासापुरतं ते होतंही. पण कायद्याचा हेतू मला मान्य आहे. ज्याच्याकडे दुसरा मार्ग नाही त्याच्यासाठी ती वाट राखलेली आहे.

आता ज्यासाठी एवढं लिहितोय ते. फ्री डिशला आपल्याकडे कमी लेखतात. छत्री लावताना मला सांगतात, "मागच्या बाजूला लावा, पुढून दिसायला नको." पाहुणे काय म्हणतील ही भीती. जणू सरकारने दयेपोटी काही वाटलं आणि आपण रांगेत उभे राहिलो. हे मला मनापासून खटकतं. १९९३ च्या हिरो कप स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून क्रिकेट असोसिएशन ऑफ बेंगॉल आणि सरकार यांच्यात वाद झाला, आणि ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी त्यात सांगितलं की ध्वनिचित्र वाहून नेणाऱ्या या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी, सार्वजनिक संस्थेच्या नियमनाखाली झाला पाहिजे. तोपर्यंत १८८५ च्या तार कायद्याच्या आधारावर सरकार त्यांना आपलीच समजत होतं. स्वायत्त प्रसार भारती प्रत्यक्षात आली ती १९९७ मध्ये.

म्हणजे काकींच्या छपरावर पडणारा तो सिग्नल कुणाचं दान नाही. ज्या लहरींवर तो येतो त्या त्यांच्याही आहेत, आणि तो पाठवणाऱ्या संस्थेला त्यांच्या करातला वाटा जातो. रिचार्ज संपला म्हणून वाऱ्याची सूचना, बातम्या, शेतीची माहिती यांपासून कुणी तुटू नये, एवढ्यासाठी प्रत्येक घरात खुलं चॅनल पोचलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पे चॅनल्स हवीत त्यांनी जरूर घ्यावीत, मीच लावून देतो. पण ज्या घरात दोन म्हातारी माणसं आहेत आणि रिचार्ज लांबून कुणीतरी मारतं, तिथे फ्री डिशही असू द्या. एका टीव्हीला दोन बॉक्स जोडता येतात.

चाकरमान्यांच्या बंद घरांसाठी तर याहून सोयीचं काही नाही. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात घर उघडायचं, प्रत्येक वेळी खातं पुन्हा चालू करायला रिचार्ज मारायचा, तो मिळेपर्यंत पोरं कंटाळणार, आणि माणसं मुंबईला परतल्यावर उरलेले दिवस वाया. फ्री डिशला घर किती महिने बंद होतं याच्याशी देणंघेणं नाही. जाताना बॉक्सचा प्लग काढा आणि वायर बॉक्सपासून सोडवून ठेवा, म्हणजे वळवाच्या विजांचा धोका टळतो.

माझी तक्रार आहे ती मराठीबद्दल. सह्याद्री आहे, जोडीला लिलावात जागा घेतलेली मराठी खाजगी चॅनल्स असतात, पण हिंदीच्या मानाने ती फारच थोडी. बोली पैशाची असते आणि जाहिरातीचा पैसा हिंदीकडे जास्त जातो, म्हणून असं होतं. लहरी सार्वजनिक असतील तर त्यांवरच्या भाषांची वाटणी निव्वळ बोलीवर सोडू नये. प्रादेशिक भाषांसाठी राखीव जागा वाढवायला हव्यात. हे प्रसार भारतीला पत्र लिहून सांगता येतं, आणि फ्री डिश बघणाऱ्या घरांनी ते सांगायला हवं. ग्राहक क्रमांकच नसल्यामुळे आपण कोण, कुठले, कुठली भाषा बोलणारे, हे त्यांना दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळायचं?

शेवटी एप्रिलचं सांगतो, कारण दर वर्षी तेव्हा हंगाम सुरू होतो. लिलावातल्या वर्षाच्या जागा १ एप्रिलपासून बदलतात. काही चॅनल्स जातात, काही नवी येतात, काहींचा क्रमांक बदलतो, आणि बॉक्सला ते आपण सांगेपर्यंत कळत नाही. छत्री हलवू नका. रिमोटवर मेनू दाबा, इन्स्टॉलेशन किंवा चॅनल सर्च असं जिथे असेल तिथे जा, उपग्रहाच्या नावात जीसॅट-१५ किंवा डीडी फ्री डिश आहे ना ते बघा, आणि ऑटो स्कॅन करून सेव्ह करा. दोन-चार मिनिटांचं काम आहे, घरातलं शाळकरी पोरही करतं. स्कॅन करूनही शेजाऱ्याकडे दिसणारी काही चॅनल्स तुमच्याकडे येत नसतील तर तुमचा बॉक्स बहुधा जुना, एमपीईजी-२ चा आहे (चित्र दाबून लहान करून पाठवायची ही जुनी पद्धत). नवी बरीचशी चॅनल्स एमपीईजी-४ मध्ये येतात आणि जुन्या बॉक्सला ती उघडत नाहीत. अशा वेळी फक्त बॉक्स बदलायचा, छत्री आणि एलएनबी तेच चालतात. नवा बॉक्स घेताना खोक्यावर एमपीईजी-४ लिहिलंय याची खात्री करा आणि दुकानदाराकडून वॉरंटीच्या शिक्क्यासकट बिल घ्या.